कान कुणाचा?

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही करकंबची माणसं. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलण्यात लहानपण गेलं, त्यामुळं हळू बोलणं ही काय चीज आहे, हे सोलापूरला येऊन हायस्कुलात गणिताचा मास्तर झाल्यावरही मला कधी उमगलं नाही. आणि नशिबाची गंमत बघा, माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडं जो माणूस येऊन बसला, त्याला कुजबुजण्यापलीकडं बोलताच येत नव्हतं. बिराजदार मास्तर. शाळेचे पहिले ग्रंथपाल. खरं तर शाळेला ग्रंथपाल नको होता आणि मास्तरांनाही ग्रंथपाल व्हायचं नव्हतं.

मूळचे ते मराठीचे शिक्षक. राहणारे अक्कलकोटकडचे, घरात सगळी कानडी बोलणारी. मराठी त्यांनी शाळेत शिकून घेतली होती आणि म्हणूनच की काय, ती ते जपून, चव घेत बोलायचे. एकोणीसशे तिसाच्या अलीकडचा तो काळ. ते कविता म्हणायला लागले की शेजारच्या वर्गात माझ्या पोरांची त्रैराशिकं चुकायची. एकदा तर मी चिडून भांडायलाच गेलो. दारात उभा राहिलो, आणि कसलं भांडण अन् काय, गुपचूप शेवटच्या बाकावर बसून कविता संपेपर्यंत ऐकत राहिलो. तोवर माझ्या वर्गात पोरांनी खडूंची लढाई करून घेतली होती.

तो आवाज गेला. गळ्यात गाठ निघाली, मिरजेला जाऊन कापून घ्यावी लागली. जीव वाचला, पण परत आले ते कुजबुज घेऊन. गळ्याभोवती लाल लोकरीचा मफलर. सोलापूरच्या एप्रिल महिन्यात, जिथं कावळासुद्धा सावलीतून हलत नाही, तिथं हा माणूस मफलर गुंडाळून, गालात ज्येष्ठमध धरून शाळेत यायचा. पोरं हसायची. मास्तरही हसायचे, पण त्याचा आवाज यायचा नाही.

शाळेची कमिटी बसली. बिनआवाजाचा शिक्षक ठेवून काय करायचं, हा सरळ प्रश्न होता. घरी बायको, दोन मुली, आणि या शाळेनं काढलं तर दुसरी कुठली शाळा त्यांना घेणार होती? मास्तरांनी पाटीवर लिहून कमिटीपुढं धरलं, ‘वाचनालय द्या.’ कमिटीचे अध्यक्ष म्हणजे लुगड्यांचे मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेटजी म्हणत. ते म्हणाले, “ठीक. वार्षिक परीक्षेपर्यंत बघू. काही उपयोग दिसला तर राहा. नाहीतर ती खोली कवायतीच्या सामानाला, आणि तुम्हाला नारळ.”

वाचनालय कसलं, माझ्या वर्गाच्या दुसऱ्या बाजूची, जिन्याशेजारची एक अंधारी खोली आणि त्यात दोन कपाटं. कपाटांची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. दिपोटी, म्हणजे सरकारचा शाळातपासनीस, यायचा असला की कपाटं उघडायची, पुस्तकं पुसायची, दिपोटी गेला की परत बंद. पुस्तकं अशी कोरी करकरीत की उघडली की कण्हायची.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सुतार बोलावला आणि कपाटांची दारंच काढून टाकली. वर त्याच फळ्यांची पोरांना बसायला बाकं करून घेतली. हेडमास्तर धावत आले, किल्ली हातात तशीच लोंबत होती. “बिराजदार, अहो हे काय चालवलंय? पुस्तकं जातील! फाटतील!” मास्तर काहीतरी कुजबुजले. हेडमास्तरांना ऐकू येईना, ते आणखी ओरडायला लागले. मास्तरांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या कानात सांगितलं. मी बिचारा साधा माणूस, जसंच्या तसं माझ्या आवाजात सांगून मोकळा झालो, “ते म्हणतायत, ओरडू नका. मला बोलता येत नाही, पण ऐकू चांगलं येतं!” वर्गावर्गांतून पोरांची डोकी बाहेर आली. हेडमास्तर किल्ली घेऊन निघून गेले. तेव्हापासून मी मास्तरांचा भोंगा झालो. मिलचा भोंगा गावाला उठवायचा आणि मी शाळेला.

मग त्यांनी पुस्तकं लावली. इतिहास, भूगोल, नीतिपर असली नावं त्यांनी ठेवलीच नाहीत. फळीफळीवर एकेक प्रश्न लिहून चिकटवला. ‘हे कशानं चालतं?’ ‘तिकडं माणसं कशी राहतात?’ ‘अंग का दुखतं?’ आणि सगळ्यात खालच्या, पोरांच्या हाताशी असलेल्या फळीवर, ‘पुढं काय येणार?’ त्या फळीवर एकही पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, “मास्तर, ही रिकामी?” ते म्हणाले, “पोरं भरतील.” आणि भरली की हो! कुणी विजेच्या मोटारीची जाहिरात आणली, कुणी रेल्वेचं वेळापत्रक, कुणी औषधाच्या बाटलीभोवतीचा कागद, कुणी नव्या बियाण्याचं पत्रक. केम गावचा एक पोरगा स्टेशनमास्तरांच्या पाया पडून तारेचा कोरा कागद घेऊन आला. छापलेलं जे जे दिसेल ते मास्तरांना हवं असायचं. बाजारात शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि तोवर शेंगदाणे मी खाऊन टाकायचो.

यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. मी म्हटलं, “मास्तर, ही कागदं वाचून पोरांचं पोट भरणार आहे का? गणित आलं तर मिलमध्ये कारकुनी तरी मिळेल.”

“मिलमध्ये उद्या कुठलं यंत्र येणार, सांग बघू.”

“मला काय ठाऊक!”

“मलाही नाही. हेडमास्तरांना नाही, शेटजींना नाही. ही पोरं जी कामं करणार आहेत, मोहिते, त्यांतल्या कितीतरी कामांना अजून नावंच पडलेली नाहीत. मग मी त्यांना शिकवू काय? एकच शिकवतो. कधी न पाहिलेला कागद समोर आला की घाबरायचं नाही. पहिल्या ओळीला बोट लावायचं आणि वाचत सुटायचं.”

एवढं बोलून त्यांचा गळा बसला, आणि दिवसभर पाटीवर लिहीत राहिले. मी काही कबूल केलं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून औषधाच्या बाटल्यांवरचे कागद मीही वाचायला लागलो.

त्यांची खरी तऱ्हा होती पुस्तक देण्याची. पोरगं पुस्तक निवडून आणायचं. मास्तर डोळे मिटून बसायचे आणि कपाटावर बोटांनी टकटक करायचे, म्हणजे वाच. स्वतःला मोठ्यानं वाचता येत नव्हतं ना! मग पोरानं पहिलं पान उभ्यानं, मोठ्यानं वाचायचं. अडखळलं तर मास्तर थांबायचे, हसायचे नाहीत. आणि गोष्ट ऐन रंगात आली, की फटकन हात वर. “साकु!” म्हणजे कानडीत पुरे. पोरगं कळवळायचं, “मास्तर, पुढं काय झालं?” आणि मग तो प्रश्न यायचा, जो सोलापुरात त्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही माणसाला आज म्हाताऱ्या वयातसुद्धा विचारा, तो हसेल.

“घरी ने. कान कुणाचा?”

पुस्तक एकट्यानं वाचायचं नाही, असा त्यांचा कायदा. घरी कुणाला तरी वाचून दाखवायचं. पुस्तक परत आणताना पहिला सवाल, कानानं काय म्हटलं? “आई म्हणाली, राणीच बावळट होती.” “आजोबा म्हणले, आमच्या टायमाला असं नव्हतं.” मास्तर मान डोलवत ऐकायचे. आजोबा ठार बहिरे आहेत म्हणून कुणी सबब सांगितली, तर म्हणायचे, “मग मोहिते मास्तरांसारखं वाच.” एक पोरगा रडवेला होऊन म्हणाला, “घरात कोनच न्हाय, मास्तर. समदी मिलमदी.”

“शेळी आहे?”

“हाय की.”

“आज शेळीला वाच. उद्या माणूस शोध.”

त्या खोलीत सगळे आपोआप हळूच बोलायचे, मास्तरांचं बघून. मीसुद्धा जमेल तेवढं. एकदा दिपोटी आला, दारातून डोकावला, आणि सगळी पोरं कुजबुजत बोलताना बघून खूश झाला. वा! काय ही शिस्त! आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या शिफारशीनं एक मोठा रंगवलेला फलक आला, ‘शांतता राखा. मोठ्याने वाचू नये.’ अहो, इथं सगळा कारभारच मोठ्यानं वाचण्यावर! हेडमास्तरांनी तो फलक खिळे मारून लावायला सांगितला. मास्तरांनी लावला. उलटा लावला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खडूनं लिहिलं, ‘ऐकू येईल असं वाचा.’ हेडमास्तरांनी बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेले. दिपोटी यायच्या दिवशी तेवढा तो सुलटा व्हायचा.

आता अंबादासची गोष्ट सांगतो, कारण वाचनालय राहणार की जाणार, हे शेवटी तिच्यावरच येऊन ठेपलं.

अंबादास गावाच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका विणकराचा मुलगा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि वाचायला लागला की डोळे चमकायचे. वडील मल्लय्या हातमागावर लुगडी विणायचे, शेटजींसाठीच. सूत शेटजींचं, माल शेटजींचा, कसब मल्लय्याचं. एकेक धागा हातानं उचलून काढलेली त्यांची रुईफुलाची किनार बाजारात ओळखली जायची. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली आणि अंबादास शाळेत यायचा बंद झाला. मल्लय्यानं ठरवलं होतं, पोराला मागावर बसवायचं.

मास्तर मला घेऊन त्याच्या घरी गेले. आवाजासाठी मी, बाकी सगळं ते. घर म्हणजे निम्मा माग आणि उरलेल्या जागेत माणसं. धोटा इकडून तिकडं पळतोय, मल्लय्याचे पाय खड्ड्यात खालीवर होतायत. थांबायला तयारच नाही.

“मास्तर, तुमी चांगलं मानूस हाय,” मल्लय्या विणता विणता म्हणाला, “पन पोट्टं साळंत गेलं तर सुताच्या कांड्या कोन भरनार? आनि मागावर बसनाऱ्याला पुस्तक कशाला?”

मी मास्तरांच्या वतीनं ओरडून सांगितलं, “तो सकाळी कांड्या भरून शाळेत येईल!”

“आनि सांजच्याला?”

“सांजच्याला तो तुम्हाला वाचून दाखवील. हात कामात राहू द्या, कान तर रिकामेच आहेत ना!”

मल्लय्यानं पहिल्यांदा धोटा थांबवला. “मला? मला कोन वाचून दाखवनार? माझ्या बापाला बी कोनी नाय दाखवलं.” त्याला ती कल्पना इतकी गमतीची वाटली की तो मोठ्यानं हसला. “बरं. परीक्षेपत्तुर.”

म्हणजे बघा, मास्तरांचंही परीक्षेपर्यंत आणि अंबादासचंही परीक्षेपर्यंत.

अंबादासनं निवडलं गलबताचं पुस्तक. देणगीत आलेलं, पुठ्ठा गेलेला, शेवटची पानं गळालेली, त्यामुळं ना नाव माहीत ना शेवट. एक खलाशी, एक गलबत आणि वादळ. रोज संध्याकाळी माग चालायचा आणि त्याच्या खटखटीच्या वरच्या पट्टीत अंबादास वाचायचा. शेजारची दोन घरं भिंतीला कान लावून बसायला लागली. आई कांड्या भरता भरता विचारायची, त्याची बायको घरी वाट बघत असेल का? अंबादास सकाळी मास्तरांना सगळं सांगायचा, आणि मास्तर मला.

मग परीक्षा जवळ आली, कमिटीची बैठक ठरली आणि बैठकीच्या दिवशी शेटजी हातात एक लुगडं घेऊन आले. आम्ही सगळे शिक्षक भिंतीला उभे. मास्तर मफलर सावरत समोर. शेटजींनी लुगडं टेबलावर टाकलं आणि उलगडलं. मल्लय्याची किनार. दर चार बोटांवर रुईफूल, दर चार बोटांवर रुईफूल, आणि मधेच वीतभर किनार कोरी. फूलच नाही. पुढं दोन फुलं एकमेकांना चिकटलेली. मग परत सगळं नीट.

“बघा तुमचं वाचनालय,” शेटजी म्हणाले. “तीस वर्षांत मल्लय्याचं एक फूल चुकलं नव्हतं. आज हे लुगडं मी कुणाला विकू? कारागीर गोष्टी ऐकत बसला तर गावाचा धंदा बुडेल. आणि त्या पोरालाही धड ना मागावर बसता येणार, ना टेबलावर. मला नाही वाटत, ही खोली चालू ठेवावी.”

हेडमास्तर खाली बघत राहिले. मी पुढं झालो, म्हटलं आता मास्तर सांगतील आणि मी गर्जेन. मास्तरांनी मला हातानं मागं सारलं. दाराकडं बघून कपाटावर करायचे तशी टेबलावर टकटक केली. दारात मल्लय्या उभा होता, अंबादासला घेऊन. त्यालाही शेटजींनीच बोलावलं होतं, झापायला.

मास्तरांनी त्याला जवळ बोलावलं, कोऱ्या किनारीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

मल्लय्या किनारीकडं बघत राहिला. आधी लाजला. मग म्हणाला, “हितं गलबत फुटलं, मास्तर.”

कमिटीतली माणसं किनारीवर वाकली.

“म्हंजे हात चालू होतं, पाय चालू होतं. पन त्यो मानूस पान्यात पडला की! त्येला पोहता येत होतं, पन अंदार होता. मी कशाचं फूल उचलतोय? ध्यानातच न्हाय राहिलं.”

मास्तरांचं बोट पुढं सरकलं, चिकटलेल्या दोन फुलांवर.

“हितं त्येला फळी घावली,” मल्लय्या म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला तो आजही दिसतो. “मला लई आनंद झाला, मालक. म्हून दोन फुलं पडली.”

शेटजी खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी स्वतःच्या बोटानं ती किनार चाचपली. “फळी सापडली,” ते म्हणाले. “मग? किनाऱ्याला लागला का?”

मास्तरांनी अंबादासला खूण केली. अंबादासनं ते फाटकं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. फळी, लाटा, दूरवर दिसणारा एक दिवा. दिवा जवळ येतोय की लांब जातोय ते खलाशाला कळेना. कमिटीतले दोघं घड्याळं बघायचं विसरले. खलाशानं ओरडण्यासाठी तोंड उघडलं—

“साकु!”

त्या खोलीत मास्तरांचा तो घोगरा शब्द सगळ्यांना ऐकू आला.

“अहो, पुरे काय? पुढं?” शेटजी जवळजवळ ओरडलेच.

मास्तरांनी अंबादासच्या हातातलं पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी शेटजींपुढं धरलं, आणि कुजबुजले. मी सवयीनं तोंड उघडलं होतं, पण गरज पडली नाही. शेटजींनी कान पुढं केला होता.

“घरी न्या. कान कुणाचा?”

शेटजींनी पुस्तक घेतलं. पहिलं पान उघडलं, मिटलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं वेगळी राहायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एवढा मोठा वाडा आणि त्यात ऐकायला कुणी नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला. मला त्यांची फार दया आली, खरं सांगतो.

“शोधतो,” एवढंच म्हणाले आणि बैठक उद्यावर ढकलून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच टांगा दारात. शेटजी पुस्तक नाचवत उतरले. “बिराजदार! शेवटची पानं कुठायत?” त्यांच्या मागून त्यांचा टांगेवाला चाबूक हातात तसाच धरून आत आला, त्याला धीर निघत नव्हता. “मास्टरसाब, वो बच्या क्या नै? मालक बोलते आगे के पन्नेच नै!”

तर शेटजींना कान सापडला होता.

मास्तर म्हणाले, “पानं आलीच नव्हती. अंबादासच्या वडलांनी त्याला वाचवलाय, त्यांना विचारा. काही पोरांनी बुडवलाय. तुम्ही दोघं काय ते ठरवा.” टांगेवाल्यानं जागच्या जागी त्याला वाचवून टाकला. शेटजींनी बराच विचार केला आणि मग मान डोलावली. जाता जाता हेडमास्तरांना म्हणाले, “खोली राहू द्या. मास्तरही.” आणि थांबून, “त्या मल्लय्याच्या पोराला शाळा पुरी करू द्या. ते लुगडं मी ठेवून घेतो.” ते लुगडं पुढं कैक वर्षं त्यांच्या दिवाणखान्याच्या दाराला पडदा म्हणून होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोट लावून दाखवायचे, गलबत कुठं फुटलं ते.

अंबादास मॅट्रिक झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पूर्व भागात विजेवरचे माग यायला लागले आणि शेटजींनीही पत्र्याची शेड घालून चार माग बसवले. मल्लय्याचं सूत बंद झालं. ज्या हातांनी तीस वर्षं फुलं उचलली त्यांना एका महिन्यात काम उरलं नाही. मुंबईहून आलेला फिटर माग उभे करून गेला आणि मागं इंग्रजी पुस्तिका ठेवून गेला. शेडमध्ये कुणी तिला हात लावेना. अंबादासनं पहिल्या ओळीला बोट लावलं आणि वाचत सुटला. शेटजींनी चारही माग त्याच्या ताब्यात दिले.

तोवर मास्तरांच्या गळ्यात गाठ परत आली होती. या वेळी ते मिरजेला गेले नाहीत. मला एवढंच म्हणाले, “अंबादासची शेड बघून येऊ.” शाळा पूर्व भागाच्या रस्त्यालाच होती, चालत गेलो.

काय तो आवाज! मास्तर काही बोलले ते मला कळणं शक्यच नव्हतं. मी ओरडलो, तर माझंही कुणाला ऐकू गेलं नाही. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज हरला. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडं असं बघितलं की, आता इथं कोण कुणाला वाचून दाखवणार?

तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. अंबादासनं खटका ओढला आणि चारही माग एकदम थांबले. कामगार भाकऱ्या सोडून, चटणीच्या पुड्या उघडून भिंतीकडेला बसले. कोपऱ्यात सुताच्या पोत्यावर मल्लय्या बसला होता. रोज येऊन बसायचा, पण मशीनला हात लावायचा नाही. मास्तरांना बघून उठला आणि थेट तक्रारच सांगितली. “मास्तर, माझा एक सवाल हाय. धागा तुटला तर माझ्या हाताला कळतंय. हेला कसं कळनार? हेला हात कुटं हाय?”

अंबादासनं खिशातून ती पुस्तिका काढली. तेलाचे डाग पडून पार काळी झालेली. तो इंग्रजी एक ओळ वाचायचा, मग कामगारांना मराठीत, बापाला तेलुगूत सांगायचा. रोज दुपारी हे चालायचं म्हणे. मास्तर एका खोक्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. सूत कुठून निघतं, धोटा कोण ढकलतं, दांडा कुठं आपटतो. भाकऱ्या हातात तशाच राहिल्या. मल्लय्या पोत्यावरून पुढं पुढं सरकत होता.

“आणि चालता चालता,” अंबादास वाचत होता, “आडवा धागा तुटला, तर त्याच क्षणी मागाच्या कडेला असलेला एक लहानसा काटा—”

त्यानं पुस्तिका मिटली.

“साकु,” तो म्हणाला.

मल्लय्यानं कपाळावर हात मारला. कामगार ओरडले. आणि बिराजदार मास्तर, ज्यांनी आमच्या सगळ्या गावाला असं अर्ध्यावर लटकवलं होतं, ते डोळे उघडून खोक्यावरून उठलेच. “अरे, काटा काय करतो? सांग की!”

“उद्या या, मास्तर,” अंबादास हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात भागाकार शिकवत होतो. खिडकीतून सहज बाहेर बघितलं, तर भर उन्हात, लाल मफलर गुंडाळून, टोपी सावरत मास्तर पूर्व भागाच्या रस्त्यानं निघालेले. अंग पार वाळलेलं, पण चाल अशी की जणू त्यांनाच शाळेला उशीर होतोय. भोंग्याला अजून बराच अवकाश होता. माझ्याच्यानं राहवलं नाही. खडू तसाच हातात धरून मी खिडकीतून, करकंबला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, “मास्तर! आज कान कुणाचा?”

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. चालता चालता हात वर केला, स्वतःच्या कानाची पाळी धरून मला दाखवली, आणि पुढं निघून गेले.